‘निरंक’ या शेऱ्याविषयी
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांस दाभोळहून खुले पत्र

दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी

मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली, यांस

महोदय,



आपला आणि माझा परिचय असण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून तेहतीस वर्षे मुळाक्षरे आणि पाढे शिकवून मी निवृत्त झालो. ज्या आयोगाचे आपण अध्यक्ष आहात त्याच्या विनियमांशी, अनुदानांशी अगर गुणतक्त्यांशी माझा संबंध येण्याचा प्रसंग उभ्या नोकरीत कधी आला नाही. तथापि वाशिष्ठीच्या मुखावरील या जुन्या बंदरात, एका भोयाच्या घराच्या पडवीत बसून एका दुपारी मी जे पाहिले, त्याचा धागा हाती धरून मागे मागे जात राहिलो असता तो थेट आपल्या दफ्तरापर्यंत पोचतो, असे माझ्या ध्यानात आले. आणि ही बाब माझ्या एकट्याची नसून या खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या, किंबहुना या देशात ज्यांचे आरोग्य कोणी ना कोणी येऊन मोजून नेते अशा सर्वांची आहे, म्हणून हे पत्र आपणांस खासगी टपालाने न धाडता चारचौघांसमक्ष लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी समाजकार्य शिकविणाऱ्या एका संस्थेची तुकडी येथे आली होती. कोणत्या संस्थेची, हे मी सांगणार नाही. कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. एक तरुण अध्यापिका आणि तिचे पाच-सहा विद्यार्थी असा तो मेळा होता, आणि खाडीकाठच्या वंचित समाजांचे आरोग्य हा त्यांचा विषय होता. गावातला निवृत्त मास्तर म्हणून घरे दाखविण्याचे काम मजकडे आले. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही भोईवाड्यात शिरलो, तो निम्म्याहून अधिक दारांना कडी. विद्यार्थी बिचारे प्रत्येक दारापुढे उभे राहून छापील कागदावर ‘घर बंद’ अशी नोंद करून पुढे सरकू लागले. तो दिवस पंचमीचा होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा हिशेब येथल्या पोराबाळांनाही येतो. पंचमीची भरती दुपारी पावणेचारला, म्हणजे ओहोटी दहाच्या आगेमागे, आणि ओहोटीच्या त्या दोन-तीन तासांत या वाड्यातली हिंडतीफिरती बाई घरी सापडेल हे संभवतच नाही. कारण तेव्हा ती कंबरभर पाण्यात उभी राहून खडकांवरची कालवे काढीत असते, नाहीतर चिखलातून तिसऱ्या वेचीत असते. ज्यांचे आरोग्य मोजावयाचे त्या सगळ्या पाण्यात होत्या, आणि कागदावर नोंद होत होती ती घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि शाळा बुडविलेल्या मुलांची. हे मी वेळीच सांगावयास हवे होते. परंतु शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसांची कामाची पद्धत काही निराळी असेल, अशा समजुतीने मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याची रुखरुख मला आजही आहे.

शेवटच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते, आणि घरधनीण नुकतीच पाण्यातून परतली होती. लुगड्याचा ओला काष्टा तसाच होता. पडवीत पाटी उतरवून, पाटावर बसून ती कालवे फोडू लागली. डाव्या हाताने शिंपला धरावा, उजव्या हातातील कोयतीचे टोक त्याच्या सांध्यात घालून मनगटाला किंचित हिसका द्यावा आणि आतला गर वाडग्यात सोडावा, ही क्रिया तिच्या हातांना इतकी अंगवळणी पडली होती की प्रश्नांची उत्तरे देताना तिला एकदाही खाली पाहावे लागले नाही. ती अध्यापिका तिच्यासमोर जमिनीवरच बसली. तिने बसायला चटईसुद्धा मागितली नाही, हे मला तेव्हा फार आवडले. नाव, वय, घरातील माणसे झाली. वार्षिक उत्पन्नापाशी बाई घुटमळली. पावसाळ्याचे धरायचे की उन्हाळ्याचे, असे तिने विचारले. मग आजारांची यादी सुरू झाली. मधुमेह, रक्तदाब, क्षय, आणि त्यानंतर कातडीचा काही विकार आहे का.

“नाय बाय,” ती म्हणाली.

तिच्या पोटऱ्या मला बसल्या जागेवरून दिसत होत्या. पाण्याची रेषा जेथवर येते तेथवर कातडी काळवंडून खरखरीत झाली होती, आणि खाजवून खाजवून पडलेले पांढुरके ओरखडे तिच्यावर उमटले होते. तळहातांवर शिंपल्यांनी कापल्याच्या जुन्या-नव्या रेघा इतक्या होत्या, की हस्तरेषा कोणती आणि जखम कोणती हे ओळखू येऊ नये. मला राहवेना. मी विचारले, “अगं, आणि ही खाज?”

“ती व्हय गुरुजी? ती पाण्यातली खाज. तो काय रोग नाय.”

अध्यापिकेची लेखणी क्षणभर थांबली. तिने त्या पायांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, हातातल्या कागदाकडे पाहिले. त्या कागदावर ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन होते, आणि उत्तर तर स्पष्ट मिळाले होते. तिने ‘नाही’वर खूण केली. संध्याकाळी त्या दिवसाचा गोषवारा तयार झाला, त्यात आमच्या वाडीच्या नावापुढे त्वचाविकाराच्या रकान्यात एक शब्द पडला: निरंक.

महोदय, निरंक हा आपल्या माझ्या ओळखीचा जुना दफ्तरी शब्द आहे. मीही मुख्याध्यापक असताना दरमहा तो लिहीत आलो: शाळाबाह्य मुले निरंक, किरकोळ खर्च निरंक. त्याचा कोशातला अर्थ काहीही असो, व्यवहारात त्याचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘आमच्यापर्यंत आले नाही’ असा असतो, हे कारकुनी केलेला प्रत्येक मनुष्य मनातून जाणतो. परंतु एकदा का तो शब्द तक्त्यात चढला, तालुक्याच्या बेरजेतून जिल्ह्याच्या बेरजेत गेला, की त्याच्यामागचे ते खरखरीत पाय कोणास दिसत नाहीत. आणि ज्या ठिकाणी निरंक आहे तेथे औषधाची, डॉक्टराची अगर चौकशीची तजवीज करण्याचे प्रयोजन तरी काय उरते?

आरोग्यातील विषमता मोजणारांच्या वाट्याला येणारी सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे, असे मला वाटते. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिला, तो आपले दुखणे दुखणे म्हणून सांगत नाही. ते त्याला धंद्याचा भाग, बाईपणाचा भाग, नशिबाचा भाग वाटते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दांपत्य १९८६ साली जाऊन राहिले. तेथील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या आरंभी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरचे आरोग्यशास्त्रज्ञ चकित झाले. कारण त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता, आणि त्यापूर्वी कधी काळी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. यादी घेऊन कोणी दारोदार विचारीत गेला असता तर त्या दोन गावांपुढेही बहुधा निरंकच लिहिले गेले असते. तसे झाले नाही, कारण विचारणारी डॉक्टरीण तेथेच राहत होती, तिला बायांचे शब्द कळत होते, आणि ज्या गोष्टी नवऱ्यालाही सांगायच्या नाहीत त्या हिला सांगितल्या तर काही उपाय होईल असा त्या बायांना भरवसा वाटला होता.

आमच्या वाडीत आलेली ती तुकडी मात्र पुन्हा आली नाही. आम्ही वाट पाहिली हे खरे. त्या भोईणीने मला दोनदा विचारले, “ती बाय काय लिवून गेली?” आणि दोन्ही वेळा मला उत्तर देता आले नाही. पुढे दीडदोन वर्षांनी त्या अध्यापिकेचे पत्र आले. पत्र मोकळेपणाने लिहिलेले होते. अभ्यास पुरा झाला होता, त्यावरचा इंग्रजी लेख एका मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून आला होता, आणि तिच्या बढतीच्या प्रकरणात तो धरलाही गेला होता. मराठीत सारांश करून तो गावात येऊन वाचून दाखवावा असे तिच्या फार मनात होते. पण पुढील वर्षाच्या आत आणखी दोन लेख होणे आवश्यक होते, आणि गावात येऊन वाचून दाखविण्याला संशोधनाचे गुण नसल्याने विभागप्रमुखांनी त्यासाठी रजा आणि प्रवासखर्च मंजूर केला नाही. तिने क्षमा मागितली होती. खाजेचा प्रश्न आपल्या मनातून जात नाही, असेही शेवटी लिहिले होते.

त्या पत्रामुळे मी आपले विनियम मिळवून वाचले. २०१८ च्या विनियमांना जोडलेल्या परिशिष्टात संशोधनाच्या गुणांचा एक तक्ता आहे. त्यात सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकाला मान्यताप्राप्त नियतकालिकातील एका लेखाचे १० गुण मिळतात. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाचे १२, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्याचे १०. धोरणविषयक दस्तऐवज आंतरराष्ट्रीय पातळीवरचा असल्यास १०, राष्ट्रीय असल्यास ७, राज्याच्या पातळीवरचा असल्यास ४. म्हणजे काम जसजसे माणसांच्या जवळ येते तसतसे त्याचे मोल उतरत जाते, आणि राज्याच्या खाली, जिल्हा, तालुका, गाव येथवर येईतो तक्ता संपलेला असतो. विस्तारकार्य आणि समाजोपयोगी उपक्रम यांचा उल्लेख आपल्या विनियमांत अन्यत्र आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्यांच्याविषयी संशोधन केले त्यांना त्याचे फलित त्यांच्या भाषेत नेऊन देणे हा संशोधनाचाच उत्तरार्ध आहे, उपक्रम नव्हे, ही गोष्ट त्या तक्त्याला ठाऊक असल्याचे दिसत नाही.

हे गाऱ्हाणे मी मुद्दाम आपल्याच आसनापुढे आणतो, याला एक कारण आहे. १९९५ ते १९९९ या काळात त्या आसनावर डॉ. आर्मायती देसाई बसल्या होत्या, आणि त्या समाजकार्याच्या अध्यापिका होत्या. मुंबईच्या निर्मला निकेतनात प्राचार्यपद आणि १९८२ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषवून त्या दिल्लीस गेल्या होत्या. अध्यापनाच्या ज्या शाखेला विद्यापीठाच्या पंगतीत पुष्कळदा शेवटच्या पाटावर बसविले जाते, तिच्यातून आलेली एक स्त्री या देशातल्या उच्च शिक्षणाच्या शिरोभागी जाऊन बसली, ही घटना मला लहान वाटत नाही. त्यांची टाटा संस्था तरी जन्मली कोठे? १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी ती काढली ती मुंबईच्या नागपाड्यातील वस्तीकेंद्रात, गिरणी-गोदीच्या मजुरांच्या शेजारी. कोकणातून आगबोटीने गेलेले आमचे किती बापजादे तेव्हा त्या परिसरातल्या खोल्यांतून दाटीवाटीने राहत होते! पुढे १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, आणि रोग्याच्या खाटेपाशी बसून ‘तुझे दुखणे काय’ याबरोबरच ‘तू राहतोस कोठे, खातोस काय, कामावर खाडा पडला तर घर कसे चालते’ असे विचारणारा एक नवा पेशा आपल्याकडे उदयास आला. १९६४ साली टाटा संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो आपल्याच आयोगाच्या कायद्यान्वये. आमच्या वाडीत आलेली ती तुकडी टाटा संस्थेची नव्हती, हे गैरसमज नको म्हणून येथेच नमूद करतो.

देसाईबाई संचालक असतानाच भोपाळची ती रात्र उगवली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यान विषारी वायूने हजारो माणसे मेली, आणि जी उरली त्यांची फुप्फुसे, डोळे, गर्भ यांचे काय झाले हे सांगणारी धड यादीही कोणापाशी नव्हती. त्या वेळी टाटा संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या निरनिराळ्या समाजकार्य-शाळांचे विद्यार्थी आणि अध्यापक तेथल्या वस्त्यांतून हिंडले आणि सुमारे २५ हजार कुटुंबांची घरोघर जाऊन त्यांनी पाहणी केली. वर्गातले पाठ सोडून, विशीतली मुले ज्या घरांत नुकतीच प्रेते उचलली गेली होती त्या घरांच्या उंबऱ्यावर बसली आणि कोण गेले, कोण खोकते, कोणास दिसेनासे झाले हे एकेक करून लिहून घेत राहिली. समाजकार्याच्या अध्यापकवर्गाने या देशात केलेल्या कामांत याहून मोठे काम मला माहीत नाही. आणि तरीही, ज्यांनी सांगितले त्यांच्या हाती ते कागद परत आले नाहीत. नुकसानभरपाईचे दावे चालले, हक्क शाबीत करण्यासाठी दाखल्यांमागून दाखले मागितले गेले, आणि त्या पाहणीचे फलित मात्र लोकांसमोर आले नाही. मोजणारांनी आपले कर्तव्य केले होते. पण मोजदाद आणि माणूस यांच्यामध्ये जो दरवाजा असतो त्याची किल्ली त्यांच्यापाशी नव्हती.

छापील लेखांना मी तुच्छ लेखतो असा समज कृपया करून घेऊ नये. गडचिरोलीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले नसते तर जगाने त्यांची दखल घेतली नसती. त्याच दांपत्याने ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या गावकरी बायांना नवजात अर्भकाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि हजारी ६२ असलेले नवजात अर्भकांचे मृत्यू काही वर्षांतच २५ च्या आसपास उतरले. हा वृत्तांत १९९९ साली त्याच नियतकालिकात आला, आणि त्या पद्धतीचे अनुकरण होत होत आज आमच्या वाडीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, ते त्याचेच फळ आहे. तेव्हा लेख हवाच. पण त्या लेखाआधी आणि लेखानंतर ती माणसे तेथेच राहिली होती. त्यांनी रुग्णालय बांधले ते गोंडांच्या घरांच्या धर्तीवर, आदिवासींना विचारून, आणि त्याला नाव दिले ते दंतेश्वरी देवीचे. वेल्समधल्या ग्लिनकॉरग नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट हा डॉक्टर १९६१ पासून पाव शतकाहून अधिक काळ राहिला, आणि जेथे वैद्यकीय मदतीची गरज सर्वाधिक तेथेच ती सर्वांत कमी मिळते, हा त्याचा १९७१ सालचा सिद्धांत त्याच मुक्कामात सिद्ध झाला. पुढे २००८ साली मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगानेही माणूस जन्मतो, वाढतो, राबतो ती परिस्थितीच त्याचे आयुष्य ठरविते, हेच सांगितले.

आमच्या भागालाही या परंपरेचा वारसा आहे. येथून उत्तरेस थोड्याच अंतरावरील मुरूडात १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ साली त्या कामापायी महाविद्यालयातील नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ साली देहावसान होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, तेही मराठीत. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांच्या बालपणाची काही वर्षे याच दापोलीत गेली. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात, कामगार बाईला बाळंतपणात विश्रांती आणि तिचा मोबदला मिळालाच पाहिजे, अशी बाजू मांडली, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पण तो कायदा ज्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होते त्यांच्यापुरता. खाडीत उतरणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. नववा महिना लागला तरी ओहोटी चुकवून तिला चालत नाही, आणि तिचे हे न चुकविता येणे कोणत्याही छापील प्रश्नावलीत मला अजून आढळलेले नाही. कर्व्यांच्या सव्वीस वर्षांच्या मराठी मासिकाला आपल्या तक्त्याने किती गुण दिले असते, हा प्रश्न मी विचारीत नाही. परंतु तो मनात येतो हे लपवीतही नाही.

आता खाडीविषयी. लोटे-परशुराम येथील रासायनिक उद्योगांचे सांडपाणी प्रक्रियेनंतर करंबवणे येथे खाडीस मिळते, आणि मासे मरतात, कमी होतात, त्यांना वास येतो अशी तक्रार खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली अहवाल दिला, त्यात या भागाचा विचार आहे. उद्योगांतून सुमारे ११ हजार लोकांना काम मिळाले, तर प्रदूषणापायी सुमारे २० हजार मच्छीमारांचा रोजगार गेला, असे लोकांनी मांडलेले गणित त्या निमित्ताने देशासमोर आले. रोजगाराचे गणित निदान मांडले तरी गेले. शरीराचे काय? त्या भोईणीच्या पायांवरची खाज रसायनांची, की खाऱ्या पाण्याची, की चिखलातल्या कसल्या कृमीची, हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि पुराव्यावाचून कोणावर ठपका ठेवणे माझ्या मास्तरकीला शोभणारे नाही. ती कशाची हे शोधून काढणे हेच तर संशोधकाचे काम. पण ते एका सकाळच्या फेरीत होणार नाही. भांग आणि उधाण, पावसाळा आणि उन्हाळा, वरची खाडी आणि मुखाजवळची खाडी, कालवे काढणारी बाई आणि होडीवर जाणारा पुरुष, असे सगळे निरनिराळे धरून चार-पाच वर्षे चिकाटीने पाहावे लागेल. आणि कामाची खाज व रोगाची खाज यांतला फरक त्या बाईकडूनच शिकावा लागेल. अशी चार-पाच वर्षे जो अध्यापक देईल, त्याचे त्या काळात कदाचित एकच पान छापून येईल. आपला तक्ता त्याला काय म्हणेल?

यावर आक्षेप येतील, हे मला कळते. गावात वाचन केले याचा पुरावा काय, सरपंचाचा शिक्का मिळवायला कितीसा वेळ लागतो, असे कोणी म्हणेल. आणि गावगाड्याचा मला जो अनुभव आहे त्यावरून ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु नियतकालिकांच्या यादीतही खोटी नियतकालिके शिरली आणि आयोगाला ती वारंवार उपसून काढावी लागली, म्हणून लेखांचे गुण रद्द झाले नाहीत. ग्रामसभेचे इतिवृत्त असते, त्यात प्रश्न विचारणारांची नावे आणि दिलेली उत्तरे लिहिली जातात. ज्या अहवालावर गावाने दहा प्रश्न विचारले तो अहवाल तेथे खरोखर वाचला गेला, याहून निराळा पुरावा कोणता हवा? महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग पाच जिल्ह्यांत सुरू झाला तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यकेंद्राचे प्रगतिपुस्तक स्वतः भरले, जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर ठेवले आणि उत्तरे मागितली. जे लोक हे करू शकतात ते आपल्याविषयीच्या संशोधनाची परीक्षाही करू शकतील. दुसरा आक्षेप विद्वानांकडून येतो: ज्याच्यावर अभ्यास करावयाचा त्याच्याशी इतकी जवळीक झाली की अभ्यासकाची तटस्थता जाते. या आक्षेपाचा मी पुष्कळ विचार केला. त्या पडवीत तटस्थता पूर्ण होती, महोदय, आणि तरीही ‘नाही’वर पडलेली खूण चुकीची होती.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, की विनियमांची पुढची फेररचना होईल तेव्हा त्या तक्त्यात राज्याच्या खाली आणखी एक ओळ घालावी. ज्या समाजाविषयी संशोधन झाले त्याला त्याचे फलित त्याच्या भाषेत, त्याच्या गावात नेऊन दिले, त्यावरील प्रश्न नोंदविले आणि चुकीचे ठरले ते दुरुस्त केले, तर त्याचे गुण एका लेखाइतके तरी धरावेत. आणि एकाच ठिकाणी सलग काही वर्षे चालणाऱ्या आरोग्याच्या अभ्यासाला मुदतीची सवलत असावी, म्हणजे बढतीची तारीख जवळ आली म्हणून कोणा अध्यापिकेला खाडीकडे पाठ फिरवावी लागणार नाही. दहा गुणांच्या एका ओळीने जगातली विषमता नाहीशी होईल असे मी समजत नाही. पण ती ओळ तेथे असती, तर निदान ती एक मुलगी परत आली असती, हे मला तिच्या पत्रावरून निश्चित ठाऊक आहे.

ती अजून अध्यापनातच आहे. तिच्या हाती हे पत्र पडेल, किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या, म्हणून थोडी माहिती देऊन ठेवतो. दापोलीहून सकाळची गाडी साडेदहापर्यंत येथे पोचते; पलीकडे धोपाव्याहून यावयाचे झाल्यास फेरीबोट आहे. उतरण्याची सोय माझ्या घरी होईल, माजघराची खोली मोकळीच असते. वाचनाला शाळेचा व्हरांडा पुरेल. दिवस मात्र अष्टमीच्या आसपासचा धरावा. त्या दिवसांत भांगाचे पाणी असते, खडक पुरते उघडे पडत नाहीत, आणि बायका घरी असतात. त्या भोईणीला मी सांगून ठेवले आहे.

आपला नम्र,
दाभोळ येथील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक